मालनआजीचं वारं

बाळकुम, ठाणे
६ जानेवारी २०२५

आत्या, पाया पडते.

हे पत्र तुझ्या राकेशदादाच्या हाती देतेय. तो रोज ठाण्याला कामाला येतो हे फार बरं झालं, नाहीतर आपलं बोलणं कसं व्हायचं? फोनवर तुला ऐकू येत नाही, मी ओरडते, आणि शेवटी दोघी चिडून फोन ठेवतो. शिवाय तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे तू दर वेळी ऐकवतेसच.

आता कामाचं. हॉस्पिटलात सध्या ज्या अभ्यासाचं काम मी बघते, त्याबद्दल सांगायचंय. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. काही जणांना तिच्यात गाठ होते. ती एरवी गप्प असते आणि मधेच रक्तात असं काही सोडते की काळीज धडधडतं, डोकं फुटायला येतं, चेहरा पांढरा पडतो, घामाने अंग भिजतं. थोड्या वेळाने सगळं शांत. डॉक्टरकडे पोचेपर्यंत बीपीसुद्धा नॉर्मल. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. नाव एवढं लांब आहे की आम्ही नुसतं 'फिओ' म्हणतो. काही घरांत ही गाठ आईबापांकडून मुलांकडे येते. अशी घरं शोधायची, सगळ्यांचं रक्त तपासायचं, हा आमचा अभ्यास. लोकांची माहिती घेणं, त्यांना समजावून सह्या घेणं, नमुने पाठवणं हे माझं काम.

गेल्या आठवड्यात मुरबाडकडच्या एक बाई आल्या. माहिती घेताना म्हणाल्या, गावात लोक माझ्या पाया पडायचे, माझ्या अंगात देवीचं वारं येतं म्हणायचे. मी लिहायची थांबले. मला तू आठवलीस. चैत्रात पालखी उठते, तू पाटावर बसतेस, थरथरतेस, पप्पा तुझ्या तोंडावर पाणी मारतात.

आत्या, सरळ सांगते, मला भीती वाटतेय. एकदा इथे ये. रक्त आणि लघवी तपासायची, एवढंच. आणि मालनआजी नक्की कशाने गेली, ते मला लिही. पप्पांना विचारलं की ते 'देवीने नेली' म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.

तुझी,
रुपाली


खडवली
१३ जानेवारी

रुपाली, सुखी राहा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणजे तुझ्या मते तीस वर्षं माझ्या अंगात जी येते ती देवी नसून मुतखड्याची कुणी चुलतबहीण आहे. बरं. शिकवून शहाणं केलं त्याचं हे फळ.

मी ठणठणीत आहे. अजून दोन हंडे उचलते. मला कसलीही तपासणी नको.

आईचं विचारलंस म्हणून लिहिते. आई मिठागरात कामाला होती. मिठाची पाटी उचलायला वाकली की कधीकधी तिला वारं यायचं. तोंड पांढरं व्हायचं, लुगडं घामाने अंगाला चिकटायचं, आणि हात असे गार पडायचे की मी धरले तर मलाच कापरं भरायचं. सगळे काम टाकून तिच्या पाया पडायचे. मुकादमसुद्धा. तेव्हापासून देवीच्या पाटाचा मान आपल्या घरात आला.

पुढे तिची पिशवी काढायची ठरली. ठाण्यात दवाखान्यात नेलं. मी दाराबाहेर बसले होते, तुझा बाप काळुराम आणि शिवराम, माझे दोघे भाऊ, माझ्या दोन बाजूंना. आत भूल दिली आणि थोड्याच वेळात धावपळ सुरू झाली. डॉक्टर बाहेर आले ते डोक्याची टोपी हातात घेऊनच. नुसती सुरी लागली होती, तेवढ्यात ती गेली. गावात म्हणाले, देवीच्या अंगाला लोखंड लावलं, देवी निघून गेली. तेव्हापासून मी म्हणते की आपल्या घराला सुरी धार्जिणी नाही. आता तुझं समाधान झालं असेल तर हा विषय बंद कर.

आत्या


बाळकुम
१८ जानेवारी

आत्या,

विषय बंद होणार नाही, उलट आता उघडला.

तू लिहिलेलं मी आमच्या डॉ. सरोज मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागून स्वतः एकदा वाचला. मग म्हणाल्या, तुझ्या आजीला फिओच असणार. वाकलं, पोटावर दाब आला की गाठ पिळली जाते. आणि आजाराची कल्पना नसताना भूल दिली, सुरी लावली, तर ती एकदम सगळं रक्तात ओतते. बीपी इतकं चढतं की हृदयाला ते झेपत नाही. आधी काही आठवडे औषधं देऊन तयारी केली तर हेच ऑपरेशन नीट होतं. आजीला देवीने नेलं नाही आत्या. कुणाला माहीतच नव्हतं.

म्हणून आता तू. वारं आजीला यायचं, नंतर तुला. घरात लक्षणं असलेली तू एकटीच आहेस. तुझा रिपोर्ट आला की पप्पा आणि शिवरामकाकांकडे वळायचं, असं मॅडम म्हणाल्या. माझ्या भावालाही, हर्षितला, मी सहज विचारून घेतलं, धडधडतं का, घाम सुटतो का. हसला आणि म्हणाला, "मना काय झायलंय?" तो कसला आजारी पडतोय.

त्याचं हर्नियाचं ऑपरेशन मात्र ठरलंय, २९ तारखेला, घराजवळच्या नर्सिंग होममध्ये. जिममध्ये वजनं उचलून आणि पाण्याचे जार वाहून त्याने ते ओढवून घेतलंय. छोटंच ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी. बीपी, ईसीजी सगळं व्यवस्थित आलंय. तू काळजी करू नकोस.

तू कधी येतेस ते कळव.

रुपाली


खडवली
२० जानेवारी

रुपाली,

हर्षितचं ऑपरेशन थांबव. चैत्रात पालखी होऊन जाऊ दे, मग काय ते करा. कारण विचारू नकोस.

तू मला तपासायला ये म्हणतेस ना? मी येते. उद्या म्हणशील तर उद्या येते, हवं तेवढं रक्त काढ. पण त्याला आत नेऊ नका.

काळुरामला माझ्या नावाने सांग. तो माझं ऐकेल.

आत्या


बाळकुम
२२ जानेवारी

आत्या,

पप्पांना सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं, मग मलाच ओरडले की घरात सुरीचा विषय कुणी काढला. आता ते दोन्ही वेळा देवळात जाऊन बसतात आणि आई माझ्यावर चिडलीय. तुझ्या चार ओळींनी एवढं झालं.

हर्निया अडकला तर आतड्याला पीळ पडतो आणि मग धावपळीत ऑपरेशन करावं लागतं. चैत्रापर्यंत त्याला तसंच ठेवायचं कारण काय, तर आपल्या घराला सुरी चालत नाही? मी रोज लोकांना समजावते की भीती बाजूला ठेवा, आणि माझ्याच घरात हे. तुझ्याबद्दल मला काळजी आहे, पण हे मला पटत नाही. हर्षितलाही विचारलं. तो म्हणाला, आत्याला सांग, मी कुणाला काही बोललो नाही, तिने घाबरू नये. त्याचा अर्थ मला कळला नाही.

तुला असं काही माहीत आहे का, जे मला माहीत नाही? असेल तर लिही. नसेल तर मला माझं काम करू दे.

रुपाली


खडवली
२८ जानेवारी

रुपाली,

सहा दिवस हे पत्र मनात लिहितेय. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय. राकेशला सांगितलंय की ठाण्यात उतरलास की आधी हे, मग तुझं काम.

हर्षितला वारं येतं. गेल्या नवरात्रात मी तिकडे होते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. देवळामागे, तुमच्या टॉवरच्या पार्किंगच्या बाजूला तो टेम्पोतून जार उतरवत होता. वाकला आणि तसाच खाली बसला. तोंड पांढरंफटक, शर्ट चिंब. मी हात धरले तर गार. ते हात मी ओळखले, माझ्या आईचे हात होते ते. पोरगा इतका भेदरला होता, मला म्हणाला, "आत्या, मी मरतंय का गं?"

मी त्याला पोटाशी धरलं आणि सांगितलं, अरे वेड्या, ही देवी आहे, तिने तुला निवडलं. आणि आपल्याकडची रीत सांगितली. ज्याला पहिल्यांदा वारं येतं त्याने पालखीच्या दिवशी पाटावरून नाव पुकारेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. आईबापाजवळ नाही, बहिणीजवळ नाही. बोललं की वारं उलटतं आणि घरातल्या कुणालातरी घेऊन जातं. मी त्याला भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. म्हणून तो तुझ्याकडे बघून हसला. त्यानंतर त्याला पुष्कळ वेळा आलंय. राकेशच्या हाती मला निरोप पाठवतो, आज भेट झाली, एवढाच.

तू विचारशील, मी एवढ्या खात्रीने कसं ओळखलं? कारण माझ्या अंगात कधीच काही आलं नाही, रुपाली. एकदाही नाही. आई गेली, पाट रिकामा राहिला, लोक दारात येऊन रडायला लागले. कुणीतरी बसायला हवं होतं, मी बसले. आईला बघून थरथरायला शिकले. याची मला लाज वाटत नाही, पुष्कळ जणींना त्या पाटावरून धीर मिळालाय. पण माझे हात नेहमी गरम असतात. म्हणून हर्षितचे गार हात लागले तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, घरात खरं वारं परत आलं, आता मी सुटले.

तुझं पत्र आलं आणि त्या आनंदाचं पाणी झालं. आता लिहितेय तर रीत मोडतेय. हे उलटलं तर कुणावर उलटेल, या विचाराने जेवण जात नाही. पण दाराबाहेर एकदा बसून झालंय माझं. परत नाही बसवणार.

त्याला सांग, आत्याने शपथ सोडवली. हा कागद दाखव. आणि धाव.

आत्या


बाळकुम
९ फेब्रुवारी

आत्या,

राकेशदादाच्या निरोपावरून हर्षित वाचला एवढं तुला कळलंय. बाकी आज लिहितेय. इतके दिवस हातात पेन धरवत नव्हता.

पाकीट मिळालं तेव्हा दुपार होती आणि हर्षितला नर्सिंग होममध्ये दाखल करून झालं होतं. मी रिक्षात पत्र वाचलं. शेवटच्या ओळी वाचताना अक्षरं दिसेनात. पोचले तर पप्पा बाहेर प्रसादाचा नारळ घेऊन बसलेले. मी सर्जनना सांगितलं, ऑपरेशन करू नका. ते म्हणाले, पेशंटला तर काही त्रास नाही. आणि खरंच, हर्षित त्यांच्यासमोर मला खोटं पाडत होता. पुन्हा पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा नाही म्हणाला. मग मी तुझा कागद त्याच्या हातात दिला.

त्याने तो वाचला आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने तसाच पडून बोलायला लागला. जार उचलताना होतं, वाकून बुटाची लेस बांधताना होतं. दर वेळी वाटतं की आता संपलं. देवी आहे तर इतकी भीती का वाटते, हे विचारायलाही त्याला कुणी नव्हतं. पप्पा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी नारळ खाली ठेवला आणि सर्जनना म्हणाले, "माज्या पोराला घरी नेतंय मी."

सरोज मॅडमनी लघवी तपासली, स्कॅन केला. उजव्या बाजूला गाठ आहे, चांगली लिंबाएवढी. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी त्याला भूल दिली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. मी सांगू शकते आत्या. तू दाराबाहेर बसून बघितलंस तेच.

आता आधी औषधं, मग गाठीचं ऑपरेशन, हर्निया त्यानंतर. औषधाने त्याला उठलं की चक्कर येते. गंमत म्हणजे डॉक्टरांनी मीठ आणि पाणी जास्त घ्यायला सांगितलंय. आई त्याला खारवलेले बोंबील घालतेय आणि पप्पा म्हणतात, एवढी मिठागरं होती आपल्याकडे, तेव्हा कुणी औषध म्हणून खाल्लं नाही. सगळे हसले.

हर्षितने काल मला विचारलं, गाठ काढली की देवी पण जाईल का. मी म्हटलं, आत्याला विचारते. तुला सांगता येत असेल तर लिही.

रुपाली


खडवली
१४ फेब्रुवारी

रुपाली,

त्याला सांग, जिला जायचं होतं ती आईबरोबरच गेली. आता जे आहे ते मांस आहे, ते काढून टाका.

मला मात्र रोज वाटतं की मी रीत मोडली त्याचं काही होणार. राकेशला यायला उशीर झाला तरी मी रस्त्यावर जाऊन उभी राहते. तू हसशील. हस.

तपासणीचं पुन्हा लिहू नकोस. मला कधी काही झालंच नाही, तर मी तिथे येऊन काय करू?

आत्या


बाळकुम
५ एप्रिल

आत्या,

हर्षित काल पायी देवळापर्यंत जाऊन आला. जखम सुकलीय. ऑपरेशनची हकिगत तुला अर्धीच सांगितली होती. डॉक्टरांनी गाठीला हात लावला तेव्हा एवढी तयारी करूनही बीपी दोनशेच्या वर गेलं होतं. भूल देणारे डॉक्टर तयार होते म्हणून ते उतरवता आलं. मला हे नंतर कळलं, आणि त्या दिवशी मी डबा न उघडता परत आणला.

दुसरी बातमी. रक्ताचा रिपोर्ट आला. दोष रक्तातूनच आलाय, हर्षितकडे पप्पांकडून, आणि पप्पांकडे मालनआजीकडून. पप्पांना गाठ अजून दिसत नाही, दर वर्षी तपासावं लागेल. माझं रक्त स्वच्छ आहे. ते वाचल्यावर मी इतकी खूश झाले की हर्षितकडे बघायची लाज वाटली.

आता राहिलात शिवरामकाका आणि तू. काकांकडे मी तीनदा जाऊन आले. त्यांच्या ऐश्वर्याची सोयरीक ठरतेय. काकू म्हणाल्या, रक्तात दोष आहे असं एकदा लोकांच्या कानावर गेलं तर पोरगी घरात राहील. तिसऱ्या वेळी काकांनी दार उघडलंच नाही. ऐश्वर्याला पुढे बाळंतपण आहे, आत्या. माहीत नसताना सिझेरियन झालं तर? मला जबरदस्ती करता येत नाही, अभ्यासाचा नियमच आहे, ज्याने त्याने आपल्या मर्जीने यायचं. मग मी रोज त्यांच्या बिल्डिंगखालून जाते आणि वर बघते.

तुझंही तेच. काही झालं नाही म्हणजे काही नाही असं नसतं. पप्पांनाही काही झालं नव्हतं. मालनआजीच्या पोटच्या तिघांपैकी एकाकडे आहे हे कळलंय, दोघांचं माहीत नाही. पालखीला येशील तेव्हा तरी ये.

रुपाली


खडवली
२२ एप्रिल

रुपाली,

पालखीच्या दिवशी तू विचारलंस, आत्या तुला बरं नाही का. मी उन्हावर ढकललं. ऊन नव्हतं ते.

पाटावर बसले तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, मी आज हर्षितचं नाव पुकारणार. शपथ फुटल्याचं गावभर झालं होतं, लोक कान देऊन उभे होते. शिवराम पुढेच हात जोडून होता. मी काय बोलायचं ते खडवलीहूनच ठरवून आले होते. नेहमीसारखी थरथरले, केस सोडले, आणि म्हटलं, "मालनच्या पोटचा कोन पन घरान बसाचा नाय. जावा, रगत द्या. नाय दिलं तं मी यो पाट सोडून चालली."

तुझा मर्जीचा नियम मी मोडला, ते मला कळतं. शिवराम पायावर पडून रडला आणि ऐश्वर्याला घेऊन येतो म्हणाला, ते तू पाहिलंसच. तू तिला एकटीला बसवून तिची मर्जी वेगळी विचार. मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं.

मग ढोल थांबला. मीही थरथरणं थांबवलं, पण ते थांबेना. छातीत इतकं धडधडत होतं की मला, ऐकू न येणारीला, ते कानात ऐकू आलं. पाठीवरून घामाची धार लागली. मी दोन्ही हात एकमेकांत घेतले, आणि रुपाली, ते गार होते. काळुराम पाणी मारायला आला तर मी पदराखाली हात लपवले. त्याने आईचे हात धरलेले आहेत, त्याला कळलं असतं.

थोड्या वेळाने गेलं. इथे आल्यापासून परत आलेलं नाही. पण मी वाकायला घाबरते. हंडा रिकामाच पडलाय, सून विचारते काय झालं.

दिवसभर एकच विचार चालतो. ती देवी असेल, तर तीस वर्षांत पहिल्यांदा आली, आणि आली ती मी माझं वाक्य तिच्या तोंडी घातलं तेव्हा. ती गाठ असेल, तर मलाही त्या टेबलावर झोपायचंय. आणि कधी वाटतं की दोन्ही नाही, नुसती माझी भीती आहे. तसं असलं तर मी देवीपुढे पेढे ठेवीन. पण घरात बसून यातलं काय ते मला कळणार नाही, आणि ज्याला-त्याला रक्त द्यायला सांगून मी स्वतः लपून राहिले तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

उद्या सकाळी राकेशबरोबर येते. काळुरामला काही सांगू नकोस. तू कामात असशील, तरी गेटवर येऊन उभी राहा. मला एकटीला आत जायला भीती वाटते.

आत्या